चावी वॉचमनकडे आहे: होतकरू इस्टेट एजंटांसाठी मार्गदर्शिका

या धंद्याला भांडवल लागत नाही असं जे सांगतात त्यांनी पेट्रोल धरलेलं नसतं. बाकी त्यांचं खरं आहे. दुकान लागत नाही, गोदाम लागत नाही, आणि विकायचा माल दुसऱ्याचा असतो. एक दुचाकी, दोन सिमकार्डं, इस्त्रीचा शर्ट आणि ‘हो साहेब’ म्हणताना न थकणारा गळा, एवढ्यावर वाकडपासून वाघोलीपर्यंत आणि दहिसरपासून डोंबिवलीपर्यंत कितीतरी संसार उभे आहेत. तुमचाही राहील. कोणी नोकरी गेली म्हणून येतं, कोणी लागलीच नाही म्हणून, आणि कोणी स्वतःचा फ्लॅट घेताना एजंटने अर्ध्या तासाचे दीड लाख नेले ते बघून. तिसऱ्या कारणाने आलेले सगळ्यात लवकर निराश होतात, हे आधीच सांगून ठेवतो. त्या अर्ध्या तासाआधी त्या एजंटने तुमच्यासारख्या किती जणांना फुकट हिंडवलं होतं, ते तुम्ही पाहिलेलं नव्हतं.

कार्ड

व्हिजिटिंग कार्डावर ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ छापावं. खाली फ्लॅट, प्लॉट, शॉप, बंगलो, शेतजमीन, ॲग्रीमेंट, होम लोन, पॅकर्स अँड मूव्हर्स आणि जागा उरली तर एलआयसी.

परीक्षा

पूर्वी या धंद्यात शिरायला कोणाला विचारावं लागत नसे. २०१६ साली संसदेने रेरा कायदा केला, मे २०१७ मध्ये महाराष्ट्रात महारेराचं काम सुरू झालं, आणि नोंदणी झालेल्या प्रकल्पातलं घर विकून द्यायचं तर विकून देणाऱ्याचीही नोंदणी हवी असं ठरलं. एकट्या माणसाला फी १० हजार रुपये, मुदत पाच वर्षं. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक ‘पी’ने सुरू होतो, आपला ‘ए’ने. नोंदणीशिवाय धंदा केलात तर दिवसाला १० हजार रुपये दंड, तो घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणजे दलाली तर जाईलच, वर घरातून भरावे लागतील.

२०२३ पासून त्यावर शिक्षणही आलं. आधी २० तासांचं प्रशिक्षण, मग बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसकडून परीक्षा, मग सक्षमता प्रमाणपत्र. धंद्यात वीस-वीस वर्षं मुरलेले, नातवंडं असलेले काका कॉम्प्युटरसमोर माऊस धरून बसले आणि त्यांना कार्पेट एरियाची व्याख्या विचारण्यात आली. ती त्यांना येत नव्हती असं मुळीच नाही. ती न सांगता घर विकणं हेच तर त्यांचं आयुष्यभराचं कौशल्य होतं.

तुम्ही मात्र ती पाठ करा. घरातली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची वगळून. कायद्याने विक्री याच मापावर होते. बाजारात मात्र ६५० फूट कार्पेटच्या घराला अजूनही ‘साडेनऊशेचा टू बीएचके’ म्हणतात. मधले तीनशे फूट जिना, लिफ्ट, लॉबी आणि क्लबहाऊसमध्ये विखुरलेले असतात. पार्टीने फारच खोदून विचारलं तर लॉबीत उभं राहून हात पसरून दाखवावं: ‘हे सगळं तुमचंच आहे ना, सर.’

भाड्याच्या घरांना, आणि रेराच्या आधी पूर्ण झालेल्या इमारतींतल्या रीसेलला ही नोंदणी लागत नाही. म्हणून आपल्या धंद्याची बालवाडी भाड्याच्या घरांत भरते.

बालवाडी

पहिला अभ्यास: आपल्या भागातल्या प्रत्येक सोसायटीचा वॉचमन नावानिशी माहीत हवा. कोणता फ्लॅट रिकामा होणार हे मालकाच्याही आधी त्याला कळतं, कारण भाडेकरू सामान भरायला रिकामी खोकी त्याच्याकडेच मागतो. दिवाळीला त्याला मिठाई देऊ नये, पाकीट द्यावं. चावी त्याच्याकडे असते, आणि एका रिकाम्या टू बीएचकेवर सहा एजंट टपलेले असताना चावी ज्याला आधी मिळते त्याचीच पार्टी आधी वर जाते. हे सहाही जण ‘मालक आपल्या घरचाच माणूस आहे’ असं सांगतात. प्रत्यक्षात मालक न्यू जर्सीत असतो आणि त्याचे वडील कोथरूडला. निर्णय वडिलांचा, परवानगी मुलाची, आणि साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक तुमच्या वाट्याला.

घरं दाखवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी नाल्याकडे खिडकी उघडणारं, मग बजेटच्या सहा हजार वरचं, मग जे द्यायचं आहे ते. तिसऱ्या घरात पार्टी स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या ओढून बघायला लागली की तुमचा फोन वाजला पाहिजे. दोन सिमकार्डं म्हटलं होतं ती यासाठी. फोनवर हळू आवाजात, पण बाल्कनीपर्यंत ऐकू जाईल असं बोलावं: ‘नाही मॅडम, अजून आहे, पण आत्ता एक फॅमिली बघतेय.’ पार्टीला हे नाटक कळतं. कळूनही काम होतं, कारण शंभरातली एखादी वेळ खरी असते आणि ती आपल्याच नशिबी आली तर काय, ही भीती शिकलेल्या माणसाला जास्त असते.

मग पार्टी विचारते, करार अकरा महिन्यांचाच का? ‘सर, सिस्टीमच तशी आहे’ एवढ्या उत्तरावर आपल्या धंद्यातल्या पिढ्या निघाल्या. खरी गोष्ट अशी की नोंदणी कायद्यात वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट पडली. महाराष्ट्रात ती १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने बुजवली. मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पळवाट बंद होऊन पंचवीस वर्षं झाली तरी अकरा महिने जागचे हलले नाहीत. तुम्हीही हलवू नका. दर अकरा महिन्यांनी करार नवा होतो, आणि नव्या करारासोबत तुम्हीही पुन्हा उगवता.

नोंदणी आता घरबसल्या होते. अंगठ्याचं यंत्र आणि वेबकॅम घेऊन माणूस येतो, मुद्रांक शुल्क पाव टक्का. अडचण एवढीच की सत्तरीतल्या काकूंचे ठसे पोळ्या आणि भांड्यांमध्ये झिजलेले असतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. मग हात कोमट पाण्याने धुवा, पावडर लावा, अंगठा सोडून करंगळीपर्यंत सगळी बोटं फिरवा. या पाऊण तासात काका तुम्हाला १९८४ साली हा प्लॉट काय भावाने घेतला होता ते सांगतात. ऐकून घ्या. बाणेरचा त्यांचा दुसरा फ्लॅट याच गप्पांतून हाती लागतो.

आडनाव

मालकाला काही प्रश्न विचारायचे असतात आणि ते त्याला स्वतःच्या तोंडाने विचारायचे नसतात. त्यासाठी तुम्ही आहात.

‘फॅमिलीच आहे ना?’

‘हो काका. नवरा-बायको, दोघंही आयटीत.’

‘नॉनव्हेज?’

‘घरात नाही हो. बाहेरून आणलं तर आणलं.’

‘बरं. आडनाव काय म्हणालात?’

सगळी मुलाखत या शेवटच्या प्रश्नात असते. आडनाव कानाला लागलं तर काका लगेच पार्किंगवर येतात. नाही लागलं तर ‘मुलाला विचारून सांगतो’ म्हणतात, आणि मुलगा कधीच काही सांगत नाही. पार्टीला फोन तुम्ही करायचा: ‘सर, तो फ्लॅट कालच गेला.’ पुढे पंधरा दिवस तोच फ्लॅट जाहिरातीत दिसत राहतो. पार्टीला समजतं. तिला समजलं आहे हे तुम्हालाही समजतं. मुसलमान डॉक्टर, दलित प्राध्यापक, एकटी राहणारी मुलगी यांनी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते स्वतःच ‘बरं, दुसरं बघू’ म्हणून तुम्हाला मोकळं करतात.

थट्टा क्षणभर बाजूला ठेवतो. धंद्यातलं सगळ्यात घाण काम हे आहे. मालक सोसायटीकडे बोट दाखवतो, सोसायटी मालकाकडे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत असा कोणताही नियम नाही, म्हणूनच तो कुठे लिहिलेला सापडत नाही आणि कोणाच्या सहीने जात नाही. जातो तो तुमच्या आवाजात. माझं मत विचाराल तर ‘फ्लॅट गेला’ म्हणू नका, ‘मालक नाही म्हणाले’ म्हणा. दलाली दोन्हीकडून सारखीच बुडते, निदान खोट्याची मालकी तरी आपल्याकडे येत नाही.

नवं प्रोजेक्ट

भाड्यावर हात बसला की ‘सीपी’ व्हा. म्हणजे चॅनल पार्टनर, म्हणजे बिल्डरसाठी पार्ट्या आणणारा. इथे दलाली बिल्डर देतो. जो प्रकल्प खपत नाही त्यावर ती वाढते, कधी वर बँकॉकची ट्रिप असते. जिथे दलाली जास्त तो प्रकल्प मनापासून आवडायला लागणं ही या पेशातली नैसर्गिक प्रक्रिया आहे, तिला विरोध करू नये.

अंतर किलोमीटरमध्ये सांगू नये, मिनिटांत सांगावं. मिनिटं रविवारी पहाटेची धरावीत. जागा दूर असेल तर जागेला जवळचं नाव द्यावं. कोंढव्याच्या पलीकडे एनआयबीएम ॲनेक्स वसलं, वडाळ्यात न्यू कफ परेड उभं राहिलं, भिवंडीच्या वाटेवर अप्पर ठाणे आलं. खुद्द कफ परेडला याची खबर आहे की नाही कोण जाणे.

जाहिरातीत क्यूआर कोड टाकणं १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचं आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाचं महारेरावरचं पान उघडतं: किती मजल्यांना मंजुरी आहे, कोर्टात दावे आहेत का, किती घरं विकली गेली, आणि बिल्डरने स्वतः लिहून दिलेली काम पूर्ण करण्याची तारीख. आता तुम्ही सॅम्पल फ्लॅटमध्ये उभे आहात आणि पार्टी विचारते, ‘पझेशन कधी?’ तुम्ही म्हणता, ‘डिसेंबर.’ महारेराच्या पानावर त्यानंतर दोन वर्षांनी येणारी तारीख आहे. तुम्ही खोटं बोललात का? नाही, डिसेंबर तर दर वर्षी येतोच. कोणता, हे पार्टीने विचारायचं.

नव्या माणसाने हे वर्म इथेच समजून घ्यावं. या धंद्यात जे बोललं जातं ते लिहिलं जात नाही, आणि जे लिहिलं जातं ते वाचलं जात नाही. आपलं पोट या दोहोंच्या मधल्या फटीत भरतं. कायदा ती फट बुजवायला बघतो. नोंदवलेला करार करण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, एजंटला हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात, खोटी माहिती देता येत नाही. हे सगळं परीक्षेत येतं. बरोबर उत्तर लिहून पास व्हा.

पार्किंग हा स्वतंत्र विषय. स्टिल्टमधली किंवा मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईच्याच एका सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं. तेव्हापासून ती कोणी विकत नाही. ‘अलॉट’ करतात. पैसे तेवढेच.

रीसेल

इथे कागद वाचता येणाऱ्याला भाव आहे, आणि वाचता येणारे कमी आहेत. मागच्या सगळ्या खरेद्यांची साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, सोसायटीचं ना हरकत पत्र. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणतात. काही इमारती पुनर्विकासाला आल्या तरी प्रोसेसमध्ये असतात.

सोसायटीचे सेक्रेटरी हा वेगळा अभ्यास. हस्तांतरणाच्या प्रीमियमला महापालिका हद्दीत २५ हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे, हे त्यांना माहीत असतं. म्हणून उरलेली रक्कम ते लिफ्टच्या नूतनीकरणासाठी ऐच्छिक देणगी म्हणून मागतात, आणि ती इच्छा झाल्याशिवाय ना हरकत पत्रावर सही होत नाही. त्यांच्याशी वाद घालू नये. पुढच्या वर्षी याच इमारतीत आणखी दोन फ्लॅट निघायचे आहेत.

मग येतो तो क्षण, जेव्हा मालक खुर्ची पुढे ओढतो आणि आवाज खाली आणतो. ‘व्हाईट किती, कॅश किती?’ स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायला बंदी आहे. मुद्रांक शुल्कही तुमच्या करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरची किंमत यांतल्या जास्तीच्या आकड्यावर लागतं. बँक कर्ज देते ते करारातल्या आकड्यावर. हे तिन्ही मालकाला समजावून सांगा आणि मग गप्प बसा. रोखीची पिशवी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणारा हात कधीही तुमचा असू नये. व्यवहार फिसकटला की दोन्ही बाजूंना फक्त तोच हात आठवतो.

प्लॉट

अनुभव येईपर्यंत लांब राहा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर, इथपर्यंत सोपं आहे. पुढे तुकडेबंदी, एनए, शेतकरी असल्याचा दाखला आणि ज्या सातबाऱ्यावर तीस जण सामाईक मालक म्हणून नांदतात तो सातबारा. पुरंदरला विमान उतरायचं आहे, त्याच्या शेजारचे प्लॉट मात्र कधीच विकून झाले. नवी मुंबईतही तसंच झालं होतं, आणि तिथे विमानतळ आला तरी.

दिशा आणि तिथी

मोबाइलवर होकायंत्राचं ॲप ठेवावं. दक्षिणमुखी मारुती चालतो, त्याला शनिवारी रांगा लागतात. दक्षिणमुखी फ्लॅट चालत नाही. अशा वेळी दार उघडल्यावर समोर काय येतं, तिथून सूर्य कुठे दिसतो, अशी चर्चा लांबवत पार्टीला उत्तरेच्या खिडकीपर्यंत न्यावं. पितृपक्षात पार्ट्या घरं बघतात, पण टोकन देत नाहीत. तो पंधरवडा स्कूटर सर्व्हिसिंगला टाकायचा. टोकन घटस्थापनेपासून येऊ लागतात, दसऱ्याला जोर धरतात, तसेच पाडव्याला आणि अक्षय्य तृतीयेला. बिल्डरच्या ‘मर्यादित काळासाठी’ सवलतीही याच दिवसांत असतात, दर वर्षी.

दलाली वसूल करणे

सगळ्यात कठीण धडा. दलाली किती घ्यावी हे कुठल्याही कायद्यात नाही. भाड्याला साधारण एका महिन्याचं भाडं, रीसेलला टक्का-दोन टक्के, आणि दोन एजंट असतील तर ‘साइड बाय साइड’, म्हणजे ज्याने आपली पार्टी आणली त्याने आपल्याच पार्टीकडून घ्यायची. आकड्याचा वाद नसतोच. वाद काम झाल्यावर सुरू होतो. घर शोधताना तुम्ही ‘दादा’ असता, टोकनच्या दिवशी ‘साहेब’, आणि करारावर सह्या झाल्या की पार्टीला एकदम आठवतं की हा फ्लॅट मुळात तिच्या मेहुण्याने आधीच बघून ठेवला होता. तुम्ही तर फक्त दार उघडलं.

उपाय दोनच. घर दाखवण्याआधी व्हिजिटचा फॉर्म भरून त्यावर सही घ्यावी, आणि दलाली टोकनच्या दिवशी अर्धी, कराराच्या दिवशी सह्यांच्या आधी अर्धी मागावी. मागताना हसू नये. मराठी माणसाला पैसे मागताना कानकोंडं व्हायला होतं आणि समोरचा त्याचाच फायदा घेतो. दोघंही पुण्याचे असले तर हे हसणं अर्धा तास चालतं.

ही पुस्तिका पार्टीच्या हाती लागली तर काय, अशी काळजी करू नका. प्रकल्पाचा ‘पी’ क्रमांक, तुमचा ‘ए’ क्रमांक, काम पूर्ण व्हायची तारीख हे सगळं महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट दिसतं. शेजारचा फ्लॅट किती रुपयांना नोंदवला गेला तेही नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सापडतं, फक्त कॅप्चा चार वेळा भरावा लागतो. तरीही पार्टी शनिवारी रात्री साडेदहाला तुम्हालाच फोन करून विचारणार आहे, ‘तिथे रेट काय चाललाय हो?’ जेवत असाल तरी फोन उचला.